१२ ऑक्टोबरला आपारेसिदात राहायचं तर… आमच्या पोउझादाचा आणि सणाचा अनुभव

हा रिव्ह्यू तसा एका पोउझादाचा आहे, पोउझादा म्हणजे घरगुती लॉज, पण १२ ऑक्टोबरला ब्राझीलमधल्या आपारेसिदा या तीर्थाच्या गावाला जाऊन आल्यावर नुसत्या खोलीबद्दल लिहिणं मला जमणार नाही, म्हणून सगळंच लिहिते. लांबलचक होईल, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते: पोउझादाला पाचपैकी दोन स्टार, ते दोन पण तिथल्या स्वयंपाकघरातल्या बाईंमुळे. मेणाच्या वस्तूंच्या दुकानाला पाच. आणि देवळात, म्हणजे बॅसिलिकात, त्या दिवशी जी सोय ठेवतात तिला पाचच्या वर काही देता येत असेल तर ते. जायचं असेल तर सणाच्या दिवशीच जा, गर्दीला घाबरून पुढे ढकलू नका, फक्त मुक्काम त्या गावात करू नका.

आम्ही मूळ वसईचे, साओ पाउलोत सहा वर्षं झाली. २०२३ ला मी आणि नवरा पहिल्यांदा आपारेसिदाला गेलो होतो, सकाळी जाऊन रात्री परत. तेव्हा सासूबाईंचा, म्हणजे आईंचा उजवा गुडघा इतका गेलेला की वसईच्या घरात त्या वरच्या मजल्यावर वर्षभर चढल्या नव्हत्या, ऑपरेशनची भीती बसलेली, डॉक्टर बदलून बदलून थकलेल्या. मी तिथे गर्दीत उभी राहून मारिया माऊलीला म्हटलं की ऑपरेशन नीट होऊन आई स्वतःच्या पायाने चालू दे, मी त्यांनाच घेऊन येईन तुझ्याकडे. पुढच्या वर्षी ऑपरेशन झालं, छान झालं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. मग नवस फेडायला १२ ऑक्टोबर सोडून दुसरा दिवस कशाला बघायचा.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १२ ऑक्टोबर ही ब्राझीलमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते, नोस्सा सेन्योरा आपारेसिदाची, म्हणजे आपारेसिदाच्या मारिया माऊलीची, ती सगळ्या ब्राझीलची आश्रयदाती. बँका बंद, ऑफिस बंद, शाळा बंद. पोप पायस अकरावे यांनी तिला १९३० साली देशाची आश्रयदाती म्हणून जाहीर केलं पण सुट्टी लागली ती बरीच नंतर, ३० जून १९८० च्या ६८०२ नंबरच्या कायद्याने, आणि नंतर चारच दिवसांनी ४ जुलैला पोप जॉन पॉल दुसरे स्वतः आपारेसिदाला येऊन नव्या बॅसिलिकाचं समर्पण करून गेले. त्याच दिवशी इथे बालदिन पण असतो, त्यामुळे जे कॅथलिक नाहीत त्यांच्याही घरात हा दिवस मुलांच्या खेळण्यांचा असतो, माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण इव्हांजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाची आहे ती या दिवशी मुलांना घेऊन बागेत जाते, माऊलीचं नाव काढत नाही पण सुट्टी दोघींचीही. २०२५ ला तारीख रविवारी आली म्हणजे जोडून सुट्टी काहीच मिळाली नाही, मी सोमवारची रजा टाकली, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिएते बस टर्मिनलवरून आम्ही चौघं निघालो, मी, नवरा, आई आणि आमचा सहा वर्षांचा पोरगा.

अंतर १७० किलोमीटरच्या आसपास, एरवी तीन तासांच्या आत बस पोचते, त्या दिवशी पाच तास लागले. पण त्या पाच तासांची तक्रार नाही कारण दुत्रा हायवेच्या कडेने चालत जाणारी माणसं तेव्हाच दिसली. अंगात चमकणारी जाकिटं, पाठीवर सॅक, हातात काठी, कोणाच्या काठीला माऊलीचं चित्र बांधलेलं, कोणी एकटं, कोणी पन्नास जणांच्या टोळीत. काही जण चार-पाच दिवस चालत असतात. मध्ये मध्ये तंबू लावलेले, तिथे लोक फुकट पाणी, केळी, कॉफी देतात, खुर्चीवर बसवून पाय चोळून देतात, फोडांना पट्ट्या लावतात. आई खिडकीला नाक लावून बघत होत्या आणि म्हणाल्या, ‘‘ही तर वारीच गं.’’ मला पण तेच वाटलं होतं पहिल्या वेळी. हायवेवर धोका असतो म्हणून आता रोता दा लूझ नावाची वेगळी पायवाट आखलेली आहे, मोजी दास क्रूझेसपासून २०१ किलोमीटर, गावागावातून जाते, पण तरीही बरेच लोक सरळ हायवेच धरतात कारण बापजादे तिथूनच चालत आलेत.

बसमध्ये आईंना गोष्ट सांगितली, ती इथे पण थोडक्यात सांगते कारण ती माहीत नसेल तर तिथे काय बघायचं ते कळत नाही. १७१७ साल, पोर्तुगीजांचा गव्हर्नर, आसुमारचा काउंट, शेजारच्या ग्वारातिंगेता गावावरून मिनास प्रांताकडे चाललेला, त्याच्या मेजवानीसाठी मासे आणा म्हणून कोळ्यांना हुकूम सुटला. ऑक्टोबर महिना, माशांचे दिवस नव्हते. दोमिंगोस गार्सिया, फिलिपे पेद्रोझो आणि झुआंव आल्व्हेस असे तिघं पाराइबा दो सुल नदीत जाळं टाकत राहिले, काही मिळेना, मग जाळ्यात एक मातीची मूर्ती आली, डोकं नसलेली. परत जाळं टाकलं तर डोकं आलं. आणि त्यानंतर मासे इतके आले की होडी जड झाली. आपारेसिदा म्हणजे प्रकट झालेली. मूर्ती नदीच्या चिखलाने आणि नंतर मेणबत्त्यांच्या धुराने काळी झालेली, सावळी नाही, चांगली काळी. कोळ्यांच्या एका घरात ती कितीतरी वर्षं होती, शेजारपाजारचे जमून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचे, तिथून हे सगळं वाढत वाढत आज एवढं झालंय. आईंचं माहेर कोळीवाड्याला लागून, त्यांना जाळ्याची गोष्ट दोनदा सांगायला लागली, पहिलं धड आलं की डोकं, कुठल्या बाजूला जाळं टाकलं, सगळं विचारून घेतलं.

आता पोउझादा. नाव लिहीत नाही. जुन्या बॅसिलिकापासून चालत पाच मिनिटं, हे मात्र खरं निघालं. जूनमध्ये मेसेजवर बुकिंग केलं, दोन रात्रींचे रात्रीला ३८० रेआल (रेआल हे इथलं चलन) ठरले, अर्धे पैसे पाठवले, त्यांनी ‘कन्फर्म’ म्हणून उत्तर पण दिलं. सप्टेंबरात मेसेज आला की सणाचं पॅकेज आहे, रात्रीला ५२० होतील, नाहीतर बुकिंग रद्द आणि आधीचे पैसे परत मिळणार नाहीत. ५२० रेआल म्हणजे आपले साधारण साडेआठ हजार रुपये, एका रात्रीचे, चार जणांच्या एका खोलीचे. मी भांडले, जुना मेसेज दाखवला, उत्तर एकच, सगळेच असं करतात. त्या तारखेला दुसरं काही मिळेना म्हणून भरले. मला पैशापेक्षा राग या गोष्टीचा आला की ही माणसं नवस फेडायला येणाऱ्यांकडून घेतायत, त्यांना माहीत असतं हे लोक तारीख बदलणार नाहीत.

दुसरं म्हणजे खोली खालच्या मजल्यावर हवी हे मी तीन वेळा लिहिलं होतं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय असं पण लिहिलं होतं. गेल्यावर किल्ली दिली दुसऱ्या मजल्याची, लिफ्ट नाही. खालच्या खोल्या बसने आलेल्या ग्रुपला दिल्या होत्या. आई म्हणाल्या भांडू नको, मी चढते, आणि चढल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी, वर पोचल्यावर मला म्हणाल्या घरी पण एवढंच आहे. खोली स्वच्छ होती, चादरी धुतलेल्या, पंखा चालू, भिंतीवर माऊलीचं चित्र, तेवढं मान्य करते.

शनिवारचा दिवस मात्र छान गेला. सकाळी जुन्या बॅसिलिकात गेलो, ही टेकडीवरची, १८८८ मधली, दोन मनोरे, आतमध्ये लाकडाचा वास, नव्यापेक्षा कितीतरी लहान आणि मला विचाराल तर प्रार्थनेला जास्त बरी. मूर्ती १९८२ पर्यंत इथेच होती, नंतर कायमची नव्या ठिकाणी नेली. मग दुकानं. गावभर दुकानंच दुकानं, रोझरी, रिबिनी, निळ्या झग्यातल्या मूर्ती बोटाएवढ्या ते माणसाएवढ्या. आम्हाला पाहिजे होता मेणाचा पाय.

ज्या दुकानातून घेतला ते एका बाजूच्या गल्लीत होतं, दुकान कसलं, दीड माणूस उभं राहील एवढी जागा, आणि छतापासून दोरीला टांगलेले मेणाचे हात, पाय, डोकी, हृदयं, स्तन, मूत्रपिंडं, तान्ही बाळं, एक घर पण होतं मेणाचं, ज्यांना घर मिळालं त्यांच्यासाठी. आई दारातच थांबल्या. वांद्र्याच्या मोत माऊलीच्या जत्रेला त्या लहानपणापासून जातात, तिथे हेच हातपाय विकत घेऊन वाहतात हे मुंबई-वसईच्या कोणालाही माहीत असेल. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला येऊन तीच गोष्ट तशीच टांगलेली बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या, ‘‘मग ही पण आपलीच.’’ दुकानातल्या मावशींना पोर्तुगीजशिवाय काही येत नव्हतं आणि आईंना मराठीशिवाय, तरी दोघींचं दहा मिनिटं बोलणं झालं. आईंनी साडी थोडी वर करून गुडघ्यावरचा टाक्यांचा व्रण दाखवला, मावशींनी हात लावून बघितला, मग दोरीवरचे तीन पाय काढून एकेक तपासला आणि उजवा पाय शोधून दिला, कारण समोर टांगलेले सगळे डावे होते. मांडीच्या मध्यापासून खाली टाचेपर्यंत, पिवळसर मेण, बोटं पण कोरलेली. ३५ रेआल. वर्तमानपत्रात गुंडाळून दिला आणि खुणेने बजावलं, ऊन लागू देऊ नका. अशा ठिकाणी गिऱ्हाइकाला कसं वागवायचं ते या बाईंकडून शिकावं, पोउझादावाल्यांनी तर नक्कीच.

जेवण एका पोर किलो हॉटेलात, म्हणजे ताटात हवं ते वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे. भात, काळ्या घेवड्याची उसळ, तळलेलं केळं, कोबी, मासा. चव चांगली, घरच्यासारखी, पण बाहेरच्या पाटीवर किलोचा जो भाव होता तो आत काट्यापाशी वेगळा निघाला, विचारलं तर म्हणे पाटी कालची आहे. तीन स्टार. त्यापेक्षा रस्त्यावरचं पास्तेल आणि उसाचा रस घ्या, पास्तेल म्हणजे चौकोनी पातळ पारीची करंजीच समजा, आत चीज किंवा खिमा, आणि रस तर आपलाच, घुंगरांची घंटी तेवढी नाही. पोरगा दोन दिवस त्याच्यावर जगला.

शनिवारी रात्री पोउझादात काय झालं ते सांगते. बसने आलेल्या ग्रुपने खोल्या भरल्या आणि चालत आलेल्यांना त्या पुरल्या नाहीत म्हणून जेवणाच्या हॉलमध्ये गाद्या टाकल्या होत्या, निदान तीस माणसं खाली, आणि रात्री अकराला नळाचं पाणी गेलं. टाकी रिकामी. संडासात पाणी नाही, तोंड धुवायला पाणी नाही, मालक फोन उचलेना. हॉलमधली ती माणसं बिचारी चार दिवस चालून आलेली, पाय सुजलेले, त्यांना पाय धुवायला पाणी नाही. तक्रार कोणी मोठ्याने करत नव्हतं, हेच मला जास्त लागलं. सकाळचा नाश्ता साडेसहाला असं लिहिलेलं होतं, सणाच्या दिवशी साडेसहापर्यंत कोण थांबतंय. पण पहाटे साडेचारला आम्ही अंधारात खाली आलो तर स्वयंपाकघरात दिवा. तिथे काम करणाऱ्या बाई घरून दोन कॅन पाणी घेऊन आल्या होत्या, मोठ्या पातेल्यात कॉफी उकळत होती, आणि जो खाली येईल त्याला कप आणि गरम पाँव दे केइजू हातात देत होत्या, चीजचे ते गोल छोटे पाव. नाश्त्याची वेळ अजून झाली नाही असं त्या कोणालाच म्हणाल्या नाहीत. त्यांना वेगळे पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत, म्हणाल्या माझ्यासाठी एक नमो मारिया म्हणा. ती म्हटली, नावासकट.

मग पासारेला दा फे. म्हणजे श्रद्धेचा पूल, जुन्या बॅसिलिकाच्या टेकडीवरून नव्या बॅसिलिकापर्यंत जाणारा, चारशे मीटरच्या जरा आत, नागमोडी वळणाचा. पहाटे पाचला तो माणसांनी भरलेला. आणि त्यात गुडघ्यांवर चालणारी माणसं. एक बाई, तिच्या आजूबाजूला तिचे दोन मुलगे, हातात पुठ्ठ्याचे दोन तुकडे, ती ज्या पुठ्ठ्यावरून पुढे सरकेल तो मागचा उचलून परत पुढे टाकायचा, असं करत करत पूर्ण पूल. कोणी घाई करत नव्हतं, बाकीचे कडेने वाट काढून जात होते. मध्येच कोणीतरी ओरडतं ‘‘व्हिवा नोस्सा सेन्योरा आपारेसिदा!’’ आणि सगळा पूल ‘‘व्हिवा!’’ म्हणतो, अंगावर काटा येतो. आईंना मी म्हटलं दमलात तर थांबू, त्या थांबल्या नाहीत. वर्तमानपत्रातला पाय छातीशी धरून, माझा हात न धरता, पूर्ण पूल चालल्या, उताराला पण. माझ्यासाठी सण तिथेच झाला होता.

नवी बॅसिलिका किती मोठी आहे ते फोटोत कळत नाही. बेनेदितो कालिश्तो नेतो नावाच्या आर्किटेक्टचं काम, १९५५ ला बांधायला घेतली, चारी बाजूंना सारख्या लांबीचे चार हात असलेल्या क्रुसाच्या आकारात, मध्ये ७० मीटरचा घुमट. आतल्या भिंतींवरचं टाइल्सचं आणि मोझेकचं काम क्लाउदिओ पास्त्रो यांचं, निळं, पांढरं, सोनेरी, त्यात ब्राझीलची झाडं-पक्षी पण आहेत. पहाटे आत गेलो तर फरशीवर भिंतीकडेने माणसं झोपलेली, बूट उशाला, रिफ्लेक्टरची जाकिटं अंगावर पांघरून. कोणी त्यांना उठवत नव्हतं. स्वयंसेवक त्यांच्या अंगावरून पाय पडू नये म्हणून लोकांना हाताने बाजूने वळवत होते. मला ही एक गोष्ट बघून त्या ठिकाणाबद्दल जेवढं वाटलं तेवढं घुमट बघून नाही वाटलं.

दर्शनाची रांग. इथे साठच्या पुढच्या माणसांना आणि सोबत असलेल्याला वेगळी रांग असते, देशभर कायदाच आहे तसा, बँकेत पण आणि इथे पण, आई ६८ च्या, त्यामुळे आम्हाला पाऊण तास लागला, नवरा आणि पोरगा साध्या रांगेतून गेले त्यांना दोन तास. वयस्कर माणूस बरोबर असेल तर लाजू नका, स्वयंसेवकाला विचारा, ते स्वतःहून पुढे नेतात. शेवटी मूर्ती. एवढीशी, दीड वीत, ३६ सेंटिमीटर, काचेच्या आत सोनेरी पार्श्वभूमीवर, निळा झगा, डोक्यावर सोन्याचा मुकुट, तो राजकन्या इसाबेलने दिलेला, जिच्या सहीने १८८८ ला ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली तीच. समोर तुम्हाला चार-पाच सेकंद मिळतात, चालत चालत. आई चालता चालता वळल्या आणि मान मागे करून बघत राहिल्या, स्वयंसेवकाने काही म्हटलं नाही.

मी त्या चार सेकंदांत मानेकडे बघते नेहमी. जिथे डोकं जोडलंय तिथे. आणि १९७८ ची गोष्ट आठवते, मे महिन्यात एका तरुणाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असताना मूर्ती काढून पळवली आणि ती पडून फुटली, दोनशेच्या आसपास तुकडे. साओ पाउलोच्या कला संग्रहालयात मारिया एलेना शार्तुनी या बाईंनी ते तुकडे एकेक करून जोडले, साधारण महिनाभर लागला. १९९५ ला बरोबर १२ ऑक्टोबरच्याच दिवशी टीव्हीवर एका दुसऱ्या पंथाच्या पाद्रीने तिच्या प्रतिकृतीला लाथा मारल्या होत्या, इथले जुने लोक अजून तो दिवस विसरलेले नाहीत. पहिल्यापासूनच दोन तुकड्यांत आलेली, मग दोनशे झाले, तरी आहे. गुडघ्यात धातूचा सांधा बसवलेल्या सासूला घेऊन तिच्यासमोर उभी असताना मला हे जास्तच जवळचं वाटलं.

नऊची मुख्य मिस्सा आत बसून मिळेल असं समजू नका, आम्ही बाहेर पटांगणात मोठ्या स्क्रीनसमोर होतो, छत्री उघडून. ऊन कडक होतं, इथे ऑक्टोबर म्हणजे वसंत, पण नऊलाच डोकं तापतं, टोपी आणि पाणी न्याच. लहान मुलं बरीच होती, काही पोरी माऊलीसारखा निळा झगा आणि पुठ्ठ्याचा मुकुट घालून बापाच्या खांद्यावर. पिण्याचं पाणी फुकट, जागोजागी, संडास इतक्या गर्दीत पण धुतलेले, मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा पाणी होतं, आदल्या रात्रीनंतर याचं महत्त्व मला विचारा.

मिस्सा संपल्यावर मेणाचा पाय वाहायला खाली साला दास प्रोमेसासमध्ये गेलो, नवसांची खोली, बॅसिलिकाच्या तळघरात. ज्यांनी ही खोली बघितली नाही त्यांनी आपारेसिदा बघितलं नाही असं मी म्हणेन. छत पूर्ण फोटोंनी भरलेलं, पासपोर्ट साइजचे, लग्नातले, हॉस्पिटलच्या खाटेवरचे, हजारो चेहरे वरून बघतायत. कपाटांत फुटबॉलचे शर्ट, गिटारी, हेल्मेटं, पदवीची सर्टिफिकेटं, नवरीचे पांढरे झगे, कुबड्या, बाळाचे बूट, ट्रकची छोटी मॉडेलं. एक घोड्याच्या टापेचा ठसा असलेला दगड आहे, गोष्ट अशी की एक घोडेस्वार कोणाची श्रद्धा फालतू आहे हे दाखवायला घोड्यावरून देवळात शिरायला निघाला आणि घोड्याची टाप पायरीत रुतली. आणि साखळ्यांची गोष्ट पण तिथे भेटते, झकारियास नावाचा गुलाम, पळून गेला म्हणून पकडून नेत होते, माऊलीच्या दारापाशी प्रार्थनेला थांबू दिलं आणि त्याच्या बेड्या गळून पडल्या. एका काळ्या माऊलीसमोर काळ्या गुलामाच्या बेड्या गळतात ही गोष्ट या देशात लोक का जपून ठेवतात ते वेगळं सांगायला नको.

काउंटरवर वस्तू द्यायची. आईंनी वर्तमानपत्र सोडलं आणि त्यांचा चेहरा पडला. उन्हात तीन तास छातीशी धरलेला, मेण मऊ झालेलं, आणि पोटरीच्या वर, जिथे त्यांनी धरला होता तिथे, त्यांच्या अंगठ्याचा खोल ठसा उमटलेला, रेषा सुद्धा दिसत होत्या. वर्तमानपत्राची शाई पण लागलेली, उलटी अक्षरं. त्यांना वाटलं खराब झाला, दुसरा आणू या का म्हणून मला विचारायला लागल्या. काउंटरवरच्या तरुण मुलीने पाय हातात घेतला, ठसा बघितला, आईंचा हात बघितला, आणि स्वतःचा अंगठा न लागेल असा बाजूने धरून हळूच मागच्या टेबलावर ठेवला. मग विचारलं कुठून आलात, मी म्हटलं इंडिया, आईंनी लगेच दुरुस्त केलं, वसई. तिने वसई कसं लिहायचं ते विचारून घेतलं.

दुपारी तीनची समर्पणाची प्रार्थना झाल्यावर आम्ही निघालो, संध्याकाळची मिरवणूक सोडली कारण आई आता खरंच दमल्या होत्या. पोउझादातून सामान उचलून टॅक्सीने ग्वारातिंगेताला गेलो, शेजारचंच गाव, काही किलोमीटर, मोठं, बऱ्यापैकी हॉटेलं आहेत. तिथे रविवारच्या रात्रीसाठी खोली घेतली होती, लिफ्ट, भरपूर गरम पाणी, सकाळचा नाश्ता टेबलभर, २४० रेआल, आणि जो भाव ठरला तोच घेतला. पुढच्या वेळी तिन्ही रात्री तिथेच. पहाटे टॅक्सी मिळते, फक्त आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि टॅक्सीवाल्याला म्हणा जुन्या बॅसिलिकापाशी सोड, म्हणजे पुलावरून चालत जाता येईल, सरळ पार्किंगला उतरलात तर पूल चुकतो.

बुकिंग मेच्या आत करा, ठरलेला भाव आणि मजला दोन्ही लेखी घ्या आणि पैसे शक्यतो पोचल्यावर द्या. आणि मेणाची वस्तू वाहणार असाल तर एक पुठ्ठ्याचा डबा बरोबर न्या. आई म्हणतात नका नेऊ, हातातच धरा.